हरणांचा गोग्रास

ज्या जिवाला तुम्ही रोज आपल्या हातानं खायला घालता, तो तुमच्याच दारासमोर गाडीखाली आला, तर दोष कोणाला द्याल? गाडीला? रस्त्याला? की त्याच्या नशिबाला?

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे वडील पत्रकं छापायचे. दारूच्या दुकानांविरुद्ध, नदीत सोडलेल्या कारखान्याच्या पाण्याविरुद्ध. ओल्या शाईच्या कागदांना घड्या घालत मी वाचायला शिकले. पत्रकानं आधी वाचकाला प्रश्न विचारावा आणि शेवटी त्याच्या हाती काम द्यावं, असं ते सांगायचे. माझी ती सवय अमेरिकेतही सुटली नाही.

२००५ साली मी तिथल्या कॅरी नावाच्या गावाच्या कडेला एका मराठी जोडप्याच्या घरात वरच्या खोलीत राहत होते. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होते. काका-काकूंची मुलं शिकायला लांब गेली होती. काका औषधांच्या कंपनीत कामाला होते आणि रोज संध्याकाळी गाडीनं घरी यायचे. नात्यानं माझे ते कोणी नव्हते. पण माझा डबा काकू भरायच्या आणि माझ्या परीक्षेचा निकाल काका तो लागायच्या आधीच मला विचारायचे.

काकूंच्या माहेरी जेवणाआधी गोग्रास काढायची रीत होती. सगळ्यांच्या आधी गायीचा घास. कॅरीत गाय कुठली? सुरुवातीची काही वर्षं तो घास कचऱ्याच्या डब्यात जायचा आणि काकूंना जेवण जायचं नाही. मग एका संध्याकाळी मागच्या हिरवळीवर एक हरणी येऊन उभी राहिली. काकूंनी पोळीचा तुकडा गवतावर ठेवला आणि तिनं तो खाल्ला. त्या दिवसापासून काकूंचा प्रश्न सुटला.

हरणीचा डावा कान टोकाला फाटलेला होता. काकू तिला नुसतं ‘बाई’ म्हणायच्या. बाईला तूप आवडेना, म्हणून पोळी गेली आणि सफरचंदाच्या फोडी आल्या. मग मका आला. बाईच्या मागून तिची पिल्लं आली, पिल्लांमागून आणखी कोण कोण आलं. एका घासाची बादली झाली. गल्लीतल्या आणखी दोन मराठी घरांनी तेच सुरू केलं. पाहुण्यांना दाखवायला बरं असायचं.

वेळही ठरलेली होती. आधी गोग्रास, मग काकांचं ताट. काका ऑफिसमधून निघाले की फोन करायचे, आणि फोन ठेवला की काकू बादली घेऊन बाहेर जायच्या.

रान होतं रस्त्याच्या पलीकडे आणि हिरवळ अलीकडे. मध्ये वळण, दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्याच वळणावरून काकांची गाडी यायची.

ही गोष्ट मी काकूंना स्वयंपाकघरात सांगितली.

“काकू, त्या हरणी रस्ता ओलांडून येतात. काका त्याच वेळेला येतात.”

“तुझे काका जपून चालवतात गं.”

“काका चालवतात. हरणी बघून थोडीच येते?”

“बाई शहाणी आहे. कडेला थांबते, गाडी गेली की येते. मी बघितलंय.” काकू पोळी लाटत राहिल्या. “आणि तू आधी जेव. सगळ्या जगाची काळजी उपाशी पोटी नको.”

त्या रानात मी त्याआधीच्या फेब्रुवारीत गेले होते. झाडं ओळखायचा सराव म्हणून. लांबून रान दाट दिसायचं. आत शिरल्यावर लक्षात आलं, माझ्या छातीच्या खाली हिरवं असं काही उरलेलंच नाही. हरणाची मान जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत सगळं ओरबाडलेलं, एका सरळ रेषेत, जणू कोणी कात्रीनं कापावं तसं. ओकची रोपं बोटभर वाढून खुडलेली. उंच झाडं उभी होती, पण त्यांच्यानंतर उभं राहायला कोणी नव्हतं. रान आणि म्हातारपण एवढंच. पलीकडे काही हरणं उभी होती, त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पळायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्यांना खाणारे लांडगे माणसानं कधीच संपवले. मग माणसानं रानाच्या कडेकडेनं घरं बांधली, फुलझाडं लावली, गवत पोसलं, आणि घरं आहेत म्हणून तिथली शिकार बंद केली. हरणांची संख्या वाढत गेली आणि ती मरायची जागा एकच उरली: रस्ता. विद्यापीठात जाता-येता कडेला पडलेली हरणं दिसायची. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. लोक रेडिओचा आवाज वाढवून पुढे जायचे.

त्या सप्टेंबरात बातमी आली की नगरपरिषद त्या रानात शिकारीला परवानगी द्यायचा विचार करते आहे. बंदूक नाही, धनुष्यबाण. परवाना असलेले मोजके शिकारी, ठरलेला हंगाम, आणि मुख्यतः माद्या, म्हणजे पुढची वाढ कमी होईल. मांस गरिबांच्या अन्नछत्राला. गणपतीच्या जेवणाला एका घराच्या तळघरात आमची सगळी मंडळी जमली होती, तिथे दुसरा विषयच नव्हता.

“यार, हरणांना एच-वन व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही,” नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, “आणि वाढतायत आपल्यापेक्षा फास्ट. जेलसी आहे ही गोऱ्यांची!”

सगळे हसले. मग एक मावशी माझ्याकडे वळल्या. “तू लिहितेस ना गं? एक पत्रक काढ विरोधाचं. इंग्रजीत नि मराठीत. आपण सगळे जाऊ मीटिंगला.”

“मी पत्रक काढीन,” मी म्हणाले, “पण शिकारीच्या बाजूनं.”

हातातली ताटं हातातच राहिली.

“तू अंडंसुद्धा खात नाहीस,” काकू म्हणाल्या.

“नाही खात. अजूनही नाही खाणार. पण ती हरणं मरतायतच काकू. गाड्यांच्या फेंडरवर मरतायत, उपाशी मरतायत. फक्त आपल्याला बघावं लागत नाही म्हणून ते आपल्याला अहिंसा वाटतं.”

“वा!” नागपूरकर म्हणाला. “ताई, इलेक्शनला उभ्या राहा.”

घरी येताना वळणावर काकांनी वेग कमी केला, तेवढाच काय तो माझ्या बोलण्याला मान.

मी पत्रक काढलं. रानातली ती रेषा, रस्त्यावरची हरणं, दारामागच्या बादल्या, सगळं लिहिलं. काकूंनी ते वाचलं नाही. घडी घालून फ्रीजवर ठेवलं, आणि त्यावर केळ्यांची फणी. सभेला आमची मंडळी चांगले कपडे घालून गेली, एकामागून एक उठून दयेबद्दल बोलली, आणि परिषदेनं तो विषय पुढच्या वर्षावर ढकलला. काकूंनी त्या दिवशी बादलीत मका जास्त घातला.

ऑक्टोबर संपता संपता तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. काल उजेडात घरी येणारा माणूस आज काळोख पडताना येतो. हरणांना घड्याळ नसतं. त्यांची वेळ सूर्याबरोबर चालते. त्यात नोव्हेंबर हा त्यांच्या माजाचा महिना. नर माद्यांच्या मागे धावतात आणि माद्या समोर काय आहे ते न बघता पळतात. कडेला थांबणारी शहाणी बाईसुद्धा.

अशाच एका संध्याकाळी काकांचा फोन आला. काकू बादली घेऊन मागे गेल्या. काही वेळानं मी जिना उतरत होते. आधी ब्रेकचा आवाज आला, मग एक बोथट आवाज, आणि मग लाकूड मोडल्यासारखा दुसरा.

हरीण समोर आलं तर ब्रेक दाबा, पण गाडी सरळ ठेवा, असं तिकडे गाडी शिकवताना सांगतात. काकांनाही ते ठाऊक होतं. नंतर हॉस्पिटलात ते म्हणाले, “दिव्यात कान दिसला गं. बाई होती. हात आपोआप फिरला.” हात फिरला आणि गाडी पाइनच्या खोडावर गेली. बाई तरीही वाचली नाही. तिला मागच्या अंगाला धडक बसली आणि ती रस्त्यात बसून पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत राहिली.

काकांना गाडीतून बाहेर काढत होते तेव्हा काकू त्यांच्याजवळ होत्या. अँब्युलन्सचं दार लागलं. मग पोलिसानं आम्हाला पाठ फिरवायला सांगितली. मी फिरवली. काकूंनी नाही फिरवली. गोळीचा आवाज झाला तेव्हा त्यांच्या हातात बादली अजून होती.

काकांचं कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि उजवा पाय पुढे कधी नीट वाकलाच नाही. कॅरीत गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात बंद होतो. काही महिने सहकाऱ्यांनी ने-आण केली. मग कंपनीनं प्रेमानं निरोप दिला. काका खिडकीशी खुर्चीत बसू लागले. मागची हिरवळ तिथून दिसायची.

संध्याकाळी बाईची पिल्लं यायची. आता ती मोठी झाली होती. गवतावर उभी राहून घराकडे बघायची. काकूंनी गोग्रास काढणं सोडलं नाही, पण तो ओट्यावर वाटीत राहायचा. जेवण झालं की काकू तो स्वतः खायच्या, उभ्यानं, सिंककडे तोंड करून.

वर्षभरानं तोच विषय पुन्हा परिषदेपुढे आला. मी काकूंना सांगितलं की मी बोलायला जाते आहे.

“मारा, असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडून ते येणार नाही. पण या वेळी नको असंही म्हणणार नाही. मी येते. मागे बसते.”

त्या आल्या आणि मागे बसल्या. मी काय बोलले ते मला फारसं आठवत नाही. आमच्यातल्या बाकीच्यांनी पुन्हा दयेबद्दल भाषणं केली. मी वळून पाहिलं, तर काकू मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होत्या. परवानगी मिळाली. मला आनंद झाला नाही. त्या हंगामात झाडावर बसलेल्या शिकाऱ्याच्या बाणानं बाईचं एखादं पिल्लू गेलं असेल. तेही मीच मागितलं होतं.

तुमच्याही घरामागे संध्याकाळी कोणी येत असेल. फोटो सुंदर येत असतील. माझी विनंती एवढीच आहे: आज बाहेर जा आणि ती बादली आत घ्या. नंतर रस्ता ओलांडून रानात जा आणि छातीच्या खाली काही हिरवं उरलंय का ते बघा. ते बघितल्याशिवाय सभेत दयेबद्दल बोलू नका.

पण आधी बादली. तुमच्या घरचं माणूस अजून वाटेत आहे.