मामाच्या मांडीशिवाय जावळ

भैरवगढच्या छापील चादरी खांद्यावर टाकून विकता विकता मी नुकतं स्वतःचं दुकान थाटलं होतं, तेव्हाची गोष्ट. मुलगी तान्ही होती. तिचं डोकं इतकं वाढत गेलं की कुंचीची नाडी हनुवटीखाली बांधता येईना.

इंदूरच्या सर्जनने स्कॅन पाहिला. "गाँठ है, कैंसर नहीं. पर अंदर पानी बनाती रहती है. रुके तो आँखें जाएँगी. कल भर्ती करो, पूरा सिर मुंडेगा."

"साहब, आठ दिन दे दो. नहीं तो बाल आधे ही काटो."

"यहाँ मोलभाव नहीं होता, सेठ."

पण बायको अडून बसली. पहिलं जावळ मामाच्या मांडीवरच निघणार. मामा, म्हणजे तिचा भाऊ, खंडव्याला बँकेत होता. आमच्या लग्नात भर पंगतीत त्याने मला 'चादरीवाला' म्हटलं होतं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या बसस्थानकावर इंदूरची बस लागली, तरी बायको मुलीला घेऊन बाकावरून हलेना. शेवटी मेहुण्याला फोन लावायला मी एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरलो. बाहेर रांग होती, आतलं सगळं रांगेला ऐकू जात होतं. ओरडायचीही सोय नव्हती.

"जावळाचं आमंत्रण असं फोनवर देतात का, भाऊजी?"

"वेळ नाही. पोरीच्या डोक्यातली गाठ काढायचीय, थांबलो तर डोळे जातील. थेट इंदूरला या. हात जोडतो."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

पुन्हा म्हणालो. रांगेतला एक जण हसला.

"कॅन्सर नाही ना? मग कळ काढा. रविवारी मला न्यायला या, रीतीने येतो."

बाहेर आलो तेव्हा कंडक्टर "इंदौर, इंदौर" ओरडत होता. बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

गिऱ्हाइकाला सांगतो तसं काहीही सांगता आलं असतं. पण मुलीची बुबुळं खालच्या पापणीआड बुडाली होती.

"रविवारी न्यायला या म्हणाला."

तिने मुलीला खांद्यावर घेतलं. मग उठली, पिशवी माझ्या हातात दिली. "चला. मांडी तुमची."

जावळ माझ्या मांडीवर निघालं, गाठही निघाली. मामाविना जावळ काढलं, हे मेहुणा अजून चार लोकांत सांगतो.

परवा एका लग्नात तो मंडपाच्या दाराशी घुटमळत होता, कोणीतरी 'या' म्हणेल म्हणून. मुलीने त्याला इतक्या लांबून ओळखलं. "बाबा, मामा आलाय."

"दिसला," मी म्हणालो आणि बसून राहिलो.