विकतचे बिबडे

कोकिळाअक्का यंदा बिबडे विकत आणणार, ही बातमी देवपूरच्या त्या गल्लीत सकाळचा चहा गाळून होईपर्यंत सगळीकडे पोचली. शेजारची कुंदाबाई ओले हात पदराला पुसत धावत आली.

"अक्का, खरं का? विकतचे? तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत शे," अक्का लसूण सोलत म्हणाल्या. चिडल्या की त्या शिंदखेड्याच्या माहेरच्या बोलीवर येत. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या निंबाभाऊंनी बायकोचा तो 'शे' ऐकला आणि पेपर जरा वर धरला.

उन्हाळा लागला की बिबड्यांसाठी, ज्वारीच्या या पापडांसाठी, गल्लीत ज्वारी भिजायची. ज्या घरी बिबडे, त्या घरच्या गच्चीवर उजाडायच्या आत सगळ्या बाया जमायच्या. शिजवलेलं गरम पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, जुन्या साडीवर पालथं घालायचं, आणि थापता थापता अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायची. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. न बोलावता जायचं, आणि कोण आलं नाही ते वर्षभर लक्षात ठेवायचं.

मग साखरेच्या आजारात अक्कांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रडायचं तेवढं त्या रडल्या. मग कृत्रिम पाय आला, त्याचं नाव त्यांनी 'जावईबापू' ठेवलं. पावडर लावा, मऊ मोजा घाला, जपून टेकवा, तरी त्याचा रुसवा जायचा नाही. जावईबापूंशीही त्यांनी जमवून घेतलं. गल्लीशी मात्र जमेना, कारण गल्ली एकदम गोड झाली. बाया अक्कांचे बिबडे थापून द्यायला हौसेने यायच्या, पण स्वतःच्या घरचे असले की म्हणायच्या, "तुम्ही आराम करा अक्का, चाखायला पाठवते." कुणी वाकडा शब्द बोलेना. दिवाळीत अक्कांच्या हातून कुंदाबाईच्या रांगोळीवर बादलीभर पाणी सांडलं. कंबर कसून त्या भांडणाची वाट पाहत उभ्या राहिल्या. कुंदाबाई म्हणाली, "असू द्या अक्का."

"कुंदी माझ्याशी भांडत नाही," त्या दिवशी अक्का नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे मी गेल्यातच जमा."

आता तीच कुंदाबाई समोर उभी राहून समजूत घालत होती. "आम्ही येतोच ना तुमचे थापायला!"

"तेच नको. मी तुझ्या गच्चीवर यायचं नाही, मग तू माझ्या कशाला?"

"आमच्या जिन्याला कठडा नाही, अक्का."

"मना पाय गया, हात जागावर शेतस!"

"आणि पडलात तर? निंबाभाऊ मला काय म्हणतील?"

"मी काही म्हणणार नाही," पेपरामागून आवाज आला.

"तुम्ही गप बसा!" दोघी एकदमच म्हणाल्या.

कुंदाबाईने पदर खोचला. "उद्या आमचे आहेत. उजाडायच्या आत या. उशीर झाला तर थांबायची नाही."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी जावईबापूंना कुंदाबाईच्या जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलं आणि पायऱ्यांकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बैठक मारली. मग हातांवर भार देत, बसल्या बसल्याच, एकेक पायरी वर. कुंदाबाईची सून, भूमिका, त्यांना धरायला धावली. "हात लावशील तर खाली ढकलीन," अक्का म्हणाल्या. वर तिने प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. अक्कांनी त्या खुर्चीवर पाण्याची कळशी ठेवली आणि फडकं घेऊन बायांच्या मध्ये खाली बसल्या.

पण हाताची सवय गेली होती. पहिला बिबडा जाड झाला, दुसरा त्याहून जाड, तिसरा एका बाजूला कलला. बायांनी पाहिलं आणि माना खाली घातल्या. कुणीतरी मऊ आवाजात म्हणालं, "छान जमलं हो अक्कांना." एवढ्या पायऱ्या घासत वर येऊनही त्या पाहुण्याच राहिल्या होत्या.

पण साडीवर आपल्या ज्वारीची अशी दशा कुंदाबाईला बघवेना.

"अहो अक्का, बिबडे थापताय का भाकरी? हे वाळायला आखाजीचा सण उलटून जाईल!"

भूमिकाने जीभ चावली.

"तुझं पीठच गोळा झालंय!" अक्का कडाडल्या. "ढवळताना हात चालतो का नुसतं तोंड? आणि मीठ? मीठ काय जावेकडून उसनं आणणार होतीस?"

"मिठाला नावं ठेवू नका! शुगरवाल्या माणसाला चवीतलं काय कळतं?"

"कळतं! तुझे मागच्या वर्षीचे तळले तर कढईत नुसते धोंडे!"

"मग ताटभर संपवले कशाला?"

बाया हसून हसून एकमेकींवर कलंडल्या. अक्कांनी गरम गोळा उचलला, फडक्यावर दणकन मारला, आणि बोटं भराभर फिरू लागली.

उन्हं वर आल्यावर त्या तशाच बसत खाली उतरल्या आणि मोजा घालून जावईबापूंना चढवू लागल्या. भूमिका मागोमाग येऊन हळूच म्हणाली, "सासूबाई जरा जास्तच बोलल्या ना, अक्का?"

"जास्त?" अक्का कपाळावरचं पीठ पुसत म्हणाल्या. "अगं, अजून निम्मं तिच्या पोटातच आहे. कुरडया घालायच्या वेळी काढेल बघ."