काडतूसकाकांचे दोन खिसे

शनिवारी संध्याकाळी काडतूसकाकांकडे गेलं, की ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून काडतुसं निवडत बसलेले असायचे. तांदूळ निवडावेत तशी. एकेक उचलायचं, चष्मा कपाळावर ढकलून त्यावरचा आकडा वाचायचा, पितळी बूड अंगठ्यानं पुसायचं आणि दोनपैकी एका ढिगात ठेवायचं. लाल काडतुसं कोल्ह्यासाठी, पिवळी पारव्यांसाठी. समोर बसणाऱ्याला चहा मिळायचा, पण टेबलावरच्या कशालाही हात लावायची परवानगी नसायची. बंदुकीचा परवाना त्यांचा होता, तुमचा नव्हता, आणि या बाबतीत ते पोलिसांपेक्षा कडक होते.

काका मूळचे कोल्हापूरकडचे. ऐन तारुण्यात टिलबर्ग या डच शहरातल्या एका कारखान्यात आले आणि इथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करून बसले. सासऱ्यांनी जावयाला शिकारीच्या परीक्षेला बसवलं. पुढे सासरे गेले. ब्रेडा शहराच्या वाटेवरचं शेत, कोंबड्या आणि दुनळी बंदूक काकांकडे आली. आसपासचे शेतकरी पिकावर पारवे उतरले की त्यांना बोलवायचे आणि कोल्हा मेंढरांमागे लागला की हमखास बोलवायचे. आमच्या इथल्या मराठी मंडळात मात्र त्यांच्याबद्दल जरा अवघडलेपण होतं. गणपतीच्या आरतीला ते पुढे आले की काही जणी नकळत बाजूला सरकायच्या. काकांच्या ते लक्षात यायचं. "वहिनी, हात धुऊन आलोय," असं म्हणून ते ताट घ्यायचे, आणि मग त्या वहिनींनाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

काडतूस कसं निवडायचं यावर ते मला अनेकदा ऐकवत. आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे मला वर्षभर उलटंच वाटत होतं. शिशाचे छर्रे इथं शिकारीला केव्हाच बंद झालेत, त्यामुळे पोलादी वापरायचे. "शिसं जड, ते लांबवर जोर धरतं. पोलाद लवकर दमतं," काका म्हणायचे. "म्हणून कोल्ह्याला छर्रा जाड घ्यायचा आणि तीस पावलांच्या आत आल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. बारीक छर्रा कातडीत रुततो, आत जात नाही. जनावर मरत नाही आणि जगतही नाही." हे शेवटचं वाक्य ते हळू म्हणायचे.

एकदा दिवाळीच्या कार्यक्रमाला कुणाचा तरी अमेरिकेतला साडू आला होता. त्याला कुणीतरी काकांपुढे आणून बसवलं. तिकडे कायोटी नावाचा कोल्ह्याचा मोठा भाऊबंद असतो, त्याला आपण कसलं भारी, महागडं काडतूस वापरतो, साठ पावलांवरून कसं लोळवतो, हे त्यानं फराळ संपेपर्यंत सांगितलं. काकांनी चकली खाल्ली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जखमी होऊन किती निसटतात?" साडू म्हणाला, त्याचा हिशोब कोण ठेवतो. काकांनी आणखी एक चकली उचलली. घरी जाताना मला म्हणाले, "काडतूस चांगलं घेतो रे तो. बंदुकीमागचा माणूस निवडायला चुकला."

मी त्यांच्याबरोबर रविवारी सकाळी का जायचो, याचं कारण शिकार नव्हतं. मी थकलो होतो. ऑफिसात दर सहा महिन्यांनी नवी रचना, इथं राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देणारी मुलं. काकांच्या मागे चिंगी नावाच्या त्यांच्या कुत्रीचा पट्टा धरून चिखलातून चालताना कुणी मला काही विचारत नसे. बहुतेक रविवारी एकही बार व्हायचा नाही. कोल्हा दिसायचा, काका मनात पावलं मोजायचे, मान हलवायचे आणि आम्ही परत यायचो. मला तो माणूस फार आवडायचा, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या मार्चमध्ये शेजारच्या शेतात मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि कोल्ह्यानं दोन कोकरं नेली होती. आम्ही उजाडायच्या आत बांधाच्या आडोशाला उभे राहिलो. काका न बघता बंदूक भरायचे. जाकिटाच्या उजव्या खिशात लाल, डाव्या खिशात पिवळी, हे ठरलेलं. हात आपोआप जायचा. कोल्हा बांधावरून खाली आला. वीस-बावीस पावलं असतील. दोन बार झाले. कोल्हा कोलमडला, उठला आणि मागचा पाय ओढत ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात शिरला.

काकांनी बंदूक उघडली. दोन्ही टरफलं पिवळी होती.

ती त्यांनी तळहातावर उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "काल खिसे भरताना कुठल्यात काय घालायचं, हेच आठवेना. तासभर बसलो तसाच. शेवटी अंदाजानं भरलं. सकाळी बघून घेईन म्हटलं, ते पण विसरलो."

"होतं असं कधी कधी, काका," मी म्हणालो.

"मला होत नाही," ते म्हणाले. टरफलं खिशात टाकून म्हणाले, "होत नव्हतं."

तीन दिवस आम्ही तो कोल्हा शोधला. ताप आल्याचं ऑफिसला कळवून मी सोमवार-मंगळवार त्यांच्याबरोबर होतो. चिंगीला ओढ्यापर्यंत माग लागायचा, पुढं पाण्यात हरवायचा. एका शेतकऱ्यानं मागावर जाणारा कुत्रा दिला, त्यालाही जमलं नाही. काका गुडघाभर पाण्यात उतरून लव्हाळी हातानं बाजूला करत होते. त्यांना घरी चला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुवारी त्यांनी दुनळी परवानाधारक दुकानदाराकडे दिली आणि मला पोलीस ठाण्यात गाडीनं न्यायला सांगितलं. खिडकीतली पोलीस बाई चांगली होती. परवान्याची मुदत अजून सहा महिने आहे, घाई कशाला, नुसतं नूतनीकरण करू नका म्हणजे झालं, असं तिनं समजावलं. काका तिला डचमध्ये म्हणाले, "आज मी कशासाठी आलोय ते मला माहीत आहे. सहा महिन्यांनी माहीत असेलच असं नाही." बाईनं मग परवाना सोडण्याचा कागद पुढे केला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. काका टिलबर्गच्या एका शुश्रूषागृहात आहेत. त्यांच्या डोक्यातून आधी डच गेलं. पन्नास वर्षं वापरलेली भाषा एका हिवाळ्यात संपली आणि मराठी तेवढी उरली. काकूंना मराठी येत नाही. तशी गरजच कधी पडली नव्हती. त्या रोज तिथं जाऊन बसतात आणि नवरा काय म्हणतोय ते कळेना, की मला फोन लावून तो काकांच्या तोंडाशी धरतात. मी मीटिंगमधून बाहेर जिन्यात येतो. बहुतेक वेळा पाणी हवं असतं, नाहीतर पांघरूण टोचत असतं. कधी आई कुठं गेली असं विचारतात. मी ते काकूंना डचमध्ये सांगतो आणि परत आत जाऊन बसतो. खोटं कशाला बोलू, कधी कधी फोनवर काकूंचं नाव बघून जीव थकतो.

मग एक दिवस काकांनी विचारलं, "कोल्हा सापडला काय?"

मी खरं ते सांगितलं. नाही सापडला म्हटलं. ते बूट मागत पलंगावरून उतरायला लागले. त्यांना धरायला दोन नर्स आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी म्हणालो, सापडला काका, ओढ्यापलीकडे, लगेच जीव गेला होता. पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "बरं झालं," ते म्हणाले, आणि झोपले.

काकूंनी फोन परत घेतला आणि ते काय म्हणाले, तू काय म्हणालास, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. कोल्हा शोधला त्या तीन दिवसांत त्याही आमच्यासाठी डबे भरून देत होत्या. कोल्हा सापडला नव्हता हे त्यांना माहीत होतं. मग त्या म्हणाल्या, प्रत्येक वेळी तुला कामातून उठवायला नको, ते वाक्य मला शिकव. त्यांनी कागद-पेन घेतलं. मी जिन्यात उभा राहून एकेक अक्षर सावकाश सांगत होतो आणि त्या आपल्या लिपीत लिहून घेऊन मला वाचून दाखवत होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात काकू पहिल्यांदाच मराठी बोलत होत्या: कोल्हा सापडला.