थंड लाल उजेड

बाच्या पायाची जखम राबाची होती. भाताची रोपं टाकायची जागा पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, तो राब. आमच्या टोकावड्याकडे अजूनही भाजतात. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बाला साखरेचा आजार, पावलं बधिर. निखाऱ्यावर पाय पडला तेव्हा त्याला कळलंच नाही. वहाणेचा जळका वास आला तेव्हा कळलं.

आषाढ आला तरी जखम भरेना. मुरबाडच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणून सांगितलं. मग कुणीतरी कल्याणच्या एका दवाखान्याचा पत्ता दिला, तिथे लेझरच्या उजेडाने जखमा भरतात म्हणे. मी गावच्याच शाळेत शिकवायचे. आठवड्यातून दोनदा अर्धी रजा टाकायची, बाचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, एसटी धरायची, मुरबाडला गाडी बदलायची. कल्याणला पेनाएवढ्या नळीतून दहा मिनिटं लाल उजेड, की परत. मी वैतागले होते, आणि वैतागल्याची लाज वाटायची म्हणून आणखी वैतागायचे.

तिथल्या डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. शरीरात काही मूळ पेशी निजल्यासारख्या पडून असतात, या उजेडाने त्या जाग्या होतात आणि नवं मांस धरायला मदत होते असं मानतात, पण खात्री मी देणार नाही, म्हणाल्या. पाय कोरडा ठेवा आणि विस्तवापासून लांब ठेवा. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. बाला समजावायचं काम माझं.

परतीच्या एसटीत बाने विचारलं, "तो उजेड तापत नाय गो. मंग करतो काय?"

सकाळभर पोरांना शिकवून माझा घसा बसला होता. मी खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "राबासारखंच हाय, बा. भाजल्या जमिनीत रोप जोमानं उठतं ना, तसं मास उठतं."

त्याला एकदम पटलं. पुढे तो काही विचारेना, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. विस्तवाचं सांगायचं राहूनच गेलं.

महिनाभरात जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसायला लागली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. पुढच्या खेपेला पट्टी सोडली तर पाऊल काळं पडलेलं, वर फोड. बाने बिनघोर सांगून टाकलं, की उजेड पडला थंड, म्हणून मी शाळेत गेले की तो चुलीतली गरम राख पत्र्यावर ओढायचा आणि पाय त्यावर धरायचा. राब कच्चा भाजला तर नुसतं तण माजतं, हे त्याला जन्मभर ठाऊक होतं.

पाय गेला. लेझरने वाचला असता का, कोण जाणे. ती गुलाबी कातडी मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

बा मला बोलेल असं वाटलं होतं. बोलला असता तर बरं झालं असतं. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, "पोरीनं बराबर सांगितलेला. मीच जास्ती भाजला."

लोक माना डोलवायचे, शिकलेल्या लेकीचं कौतुक करायचे. मी आत चहा गाळत असायचे. एकदाही बाहेर येऊन खरं सांगितलं नाही.