अंगावर घेणारे मासे

नागपुरात समुद्र पाळायचा तर माणूस मुळातच थोडा सटकलेला असावा लागतो, असं आमच्या ओळखीचे लोक मला तोंडावर सांगतात. आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. पाकिटातलं समुद्री मीठ गाळलेल्या पाण्यात बेताने मिसळायचं, उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून थंड करणारं यंत्र लावायचं, लाइट गेली की इन्व्हर्टरकडे धावायचं. एवढं करून आत काय, तर बोटाएवढे मासे. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात माल तपासणाऱ्या विभागात आहे. दोष दिसला की त्याचं कारण कुठेतरी असतंच, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. टाकी वर्षानुवर्षं छान चालली होती आणि त्याचा तोराही मी भरपूर मिरवला होता.

त्या उन्हाळ्यात बायकोचे उपचार नुकतेच संपले होते. छातीतली गाठ धंतोलीच्या दवाखान्यात काढली होती, मग कित्येक महिने सलाईनमधून औषधं चालली. केस गेले होते, ते आता कुठे उगवू लागले होते. उन्हाळा सरता सरता एक मोठी तपासणी व्हायची होती. आजार गेला की अंगात कुठेतरी दडून बसलाय, ते त्यातून कळणार होतं. तिच्या मदतीला माझी आई पारशिवनीजवळच्या गावाहून येऊन राहिली होती. बायको दिवसभर हॉलमधल्या दिवाणावर, कूलरच्या वाऱ्यात, टाकीकडे तोंड करून पडून असायची.

सगळ्यात आधी कोळंबी गेली. लाल पट्ट्यांची, माशांच्या अंगावरची घाण खाणारी. मग गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. मी म्हटलं, उन्हाळा आहे, होतं असं. पण एका सकाळी निळा मासा आडवा पडून धापा टाकताना दिसला, आणि मी कामावरून येईपर्यंत संपला होता. अंगावर जखम नाही, बुरशी नाही, डाग नाही. मी पाण्याची तपासणी केली. अमोनिया नव्हता, खारेपणा बरोबर होता, पाणी थंड होतं. सगळं बरोबर असून मासा मेला होता. त्याला चिमट्याने उचलण्याआधी बायको बघतेय का म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

ती बघत होती. आईही बघत होती. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरू नोको वं पोरी. घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं. तुह्यं घेऊन गेला तो."

हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. घरातला मासा मेला की दुःख करायचं नाही, कुणाची तरी पीडा टळली समजायचं. एरवी मी यावर आईची यथेच्छ टिंगल केली असती. पण त्या रात्री बायको दोन पोळ्या जेवली. कित्येक महिन्यांत ती एवढी जेवली नव्हती.

मग पिवळा गेला. मग दुसरा निळा. मी कूलरच्या पाण्यावर संशय घेतला, मच्छरच्या अगरबत्तीवर घेतला, फरशी पुसायच्या फिनाइलवर घेतला. अगरबत्ती बंद केली, फिनाइल बंद केलं, टाकीतलं पाणी पुन्हा पुन्हा बदललं. पाणी बदललं की मासे जरा ताजे व्हायचे, मी सुटकेचा निःश्वास टाकायचो, आणि थोड्या दिवसांत पुन्हा एक जण कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागायचा. कामावर माझं लक्ष लागेना. घराचं दार उघडलं की चपला न काढता मी आधी टाकीपाशी जायचो. हे काय आहे जे मला दिसत नाही आणि आत येऊन एकेकाला उचलतंय? आणि ते टाकीतच थांबणार आहे कशावरून?

बायको मात्र सुधारत होती. एक मासा गेला की तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा. "थोडं अजून गेलं असन नाही का?" असं तिने मला एकदा विचारलं, आणि मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला जाऊन दोन नवे मासे आणले. कशासाठी आणले, हे मी स्वतःला विचारलं नाही, विचारायची भीती वाटली. तेही मेले. शेवटी एकच उरला. नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, टाकीतला सगळ्यात जुना. तिने काचेजवळ बोट नेलं की तो बोटापाशी यायचा. तो एकटा फिरताना बघून मला वाटायचं, हा गेला की मग पुढे कोण?

तपासणी अगदी तोंडावर आली होती. त्या दिवशी कारखान्यात यंत्र बिघडलं म्हणून मी भर दुपारी घरी आलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलरच्या घरघरीत दार उघडल्याचं कुणाला कळलं नाही. बायको दिवाणावर डोळे मिटून पडली होती. आई तिच्या उशाशी उभी राहून तांब्याचा लोटा तिच्यावरून ओवाळत होती, डोक्यापासून पायापर्यंत, ओठ हलवत. मग ती टाकीपाशी गेली, झाकण उचललं आणि लोटा आत रिकामा केला.

मी आईच्या हातातून लोटा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तळाशी लिंबाची चिरलेली फोड होती, मीठ होतं, आणि कडेला हिरवट थर धरला होता.

"हे कधीपासून करून राहिली तू?"

"मी आली तवापासून," आई म्हणाली. "रातभर तिच्या दिवाणाखाली ठेवतो, लिंबू-मीठ टाकून. मंग उतरवतो. आधी बाहेर फेकत होतो, पण मासे घेतेतच नं गा अंगावर, मंग त्यायलेच द्यावं म्हटलं."

"अवं, मासे मरून राहिले त्यानं!"

"मंग?" तिला माझं आश्चर्य वाटलं. "मराचेच होते. एकेक मासा गेला अन् पोरगी जेवाले लागली. तुले दिसलं नाही का? डॉक्टर त्याह्यचं करते, मी माह्यं करून राहिली. अन् मीठच त हाये, मासे बी मिठातच राह्यते."

मीठ नव्हे, तांबं. लिंबू-मिठाने रात्रभर भांड्याचं तांबं पाण्यात उतरत होतं, आणि समुद्रातल्या जिवांना तांबं म्हणजे विष. म्हणूनच आधी कोळंबी आणि गोगलगायी गेल्या होत्या, हे मला त्या क्षणी उमगलं. टाकीत तांब्याची एक तारसुद्धा नव्हती, म्हणून पाण्यात तांबं तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण सापडलं, आणि इतके दिवस कोंडलेली सगळी भीती माझ्या तोंडातून एकदम बाहेर पडली.

"तांब्यानं मेले ते! दुसरं काही नाही. कुणी कुणाचं काही अंगावर घेतलं नाही, फक्त विषानं मेले!"

बायको दारात उभी होती. लोटा ओवाळताना ती झोपलेली नव्हती, कधीच नसायची, हे तिने नंतर सांगितलं. चौकटीला धरून ती म्हणाली, "म्हणजे माह्यं काहीच गेलं नाही. सगळं माह्याजवळच हाये."

कूलर घरघरत राहिला. मला म्हणायचं होतं की औषधांनी गेलं असेल, डॉक्टर चांगले आहेत, तुझी भूक वाढलीय. पण मीही इतके दिवस आतून मासेच मोजत होतो. आई स्टुलावर बसली. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

पहिली हलली ती बायको. टाकीपाशी जाऊन तिने नारंगी माशाकडे बघितलं. तो कोपऱ्यात होता, कल्ले जोरात हलत होते. "याले तरी वाचवा," ती मला म्हणाली. "माह्यं माह्याजवळ राहू द्या."

मी बादलीत मिठाचं नवं पाणी कालवलं. सुया टोचून काळी पडलेली नस असलेल्या हाताने ती ते ढवळत राहिली. मासा बादलीत गेला, हवेची नळी लागली. टाकी मी रिकामी केली. तो जगेल की नाही, सांगता येत नव्हतं.

तपासणीच्या सकाळी तो बादलीत होता, जिवंत, पण खात नव्हता. ऑटो खाली येऊन थांबला. बायकोने डोक्याला रुमाल बांधला. आई स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घेऊन दाराशी उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता उतरवू का म्हणून विचारेल, आणि मी काय सांगणार? पण बायकोच थांबली आणि म्हणाली, "उतरवा आई."

आईने पेला तिच्यावरून ओवाळला. सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत. मग तिने एकदा रिकाम्या टाकीकडे बघितलं, एकदा बादलीकडे, आणि आम्हाला काही कळायच्या आत पेला तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

"आई!" मी ओरडलो.

"मासे लहान होते," पदराने तोंड पुसत ती म्हणाली. "त्यायच्यानं झेपलं नसन."

खाली ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही तिघं तिथेच उभे होतो.