अष्टमीचं मौन आणि पल्लवीचा फोटो

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! सगळी भानगड तोंडामुळेच तर झाली. पण चहा घेऊन बसलाच आहात, तर ऐका. फक्त हसायच्या आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा माझी नवी चादर गेली.

मी बाई व्रतवैकल्यांची. सोमवार, चतुर्थी, शुक्रवार... देवाला मी कधी रिकामं बसू दिलं नाही. माझ्या रोहितला नोकरी लागावी म्हणून देवीला बोलले होते, "माय, एवढं कर, चैत्रातल्या अष्टमीला सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत मौन धरीन." देवीनं ऐकलं. रोहित पुण्याला कामाला लागला आणि त्यानं पहिल्याच महिन्यात मला चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल पाठवला. म्हणजे बघा, मौन आणि मोबाईल ही दोन्ही एकाच नवसाची लेकरं. ती पुढे एकमेकांशी अशी भांडतील, हे मला काय ठाऊक?

मोबाईल आला आणि मला माणसांचे फोटो काढायचा नाद लागला. सुरुवातीचे फोटो विचारूच नका. सासूबाईंच्या डोक्यातून पंख्याची तीन पाती निघालेली. आमचे हे छान हसताहेत, पण मागच्या दोरीवर त्यांचंच बनियन त्यांच्याहून जास्त हसतंय!

शेवटी रोहितनं फोनवर शिकवलं. "आई, फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात बसव. मागचा पसारा काढ. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धर. आणि मुख्य म्हणजे बोलत राहा. 'हसा' म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. बोलता बोलता हसतो, तेव्हा काढ."

बोलण्यात मी कुठे कमी? महिन्याभरात आमच्या भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये माझं नाव झालं. सासूबाई मात्र म्हणायच्या, "फोटो मोबाईलमंदीच कुजून राहिले तुहे. कोणी फ्रेम करून भिंतीले लावन, तवा मानीन." ते मनाला लागलं हो. एक तरी फोटो कुणीतरी फ्रेम करून भिंतीवर लावावा, एवढीच माझी इच्छा होती.

आणि आली अष्टमी.

पहाटे न्हाऊन केस मोकळे सोडले, लाल साडी नेसले, कपाळभर कुंकू लावलं आणि मौन धरलं. लिहून दाखवायची सोयही नव्हती. सासूबाईंनी आधीच निकाल दिला होता, "लिहिलं तं बोललंच ना बाई!" शिवाय नवस गुप्त. सासूबाई सोडून कुणाला माहीत नाही. आमचे हे मी न्हाणीघरात असतानाच स्टील प्लांटला कामावर गेले होते. दुपारी सासूबाई देवळात भजनाला गेल्या आणि मी चणे-पुरीच्या नैवेद्याला लागले.

पाच वाजता दार धडधडलं. वरच्या क्वार्टरच्या रेखावैनी, आणि मागे त्यांची पल्लवी.

"सुमनताई, लवकर! नागपूरवाल्यांचा फोन आला. दिवे लागायच्या आत पोरीचा फोटो धाडा म्हणून राहिले. त्यांचे मोठे काका आज रात्रीच्या गाडीनं चालले, त्याईनं पाहिल्याशिवाय पुढं बोलणं नाही."

पल्लवी म्हणजे सावळी, चुणचुणीत पोरगी. एक दात जरासा तिरपा, आणि हसली की घर उजळतं. पण मागच्या दोन वेळा सुपेल्याच्या बाजारातल्या एका फोटोवाल्यानं तिला अशी गोरी करून ठेवली, की बघायला आलेले लोक तिच्याच हातचे पोहे खात तिलाच विचारत होते, "मुलगी कुठं आहे?" दोन्ही ठिकाणांहून नकार. त्यानंतर पोरीनं कॅमेऱ्यापुढे हसणंच सोडलं होतं.

"जशी आहे तशीच काढा ताई," रेखावैनी म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा नाही झेपणार तिले."

आता सांगा, नाही म्हणवतं का? आणि म्हणायचं तरी कशानं?

मी मान डोलावली. रेखावैनी म्हणाल्या, "कावून बोलून नाही राहिल्या? घसा बसला का?" मी नुसती हसले. त्यांनीच ठरवलं, "आइसक्रीम खाल्लं असन."

कामाला लागले. पश्चिमेच्या खिडकीतून सोनेरी ऊन येत होतं. पल्लवीला तिथे स्टुलावर बसवलं. मागचं कॅलेंडर काढलं, दोरीवरचे कपडे काढले, कुलर सरकवला. लोखंडी कपाट तेवढं हलेना. राहू दे म्हटलं, कपाटाचं काय एवढं! चेहऱ्याच्या एका बाजूला अंधार पडत होता, म्हणून ओट्यावरून स्टीलची मोठी परात आणली. डाव्या हातात परात तिरपी धरली की ऊन तिच्यावर आपटून बरोबर पल्लवीच्या गालावर. भिलाईत राहून स्टीलचा एवढा उपयोग तर करावाच माणसानं!

सगळं जमलं. फक्त पल्लवी हसेना. पासपोर्टच्या फोटोसारखी बसलेली, ओठ घट्ट, दात कुलपात. एरवी मी दोन मिनिटांत बोलतं केलं असतं. पण रोहितचा मुख्य नियमच आज देवीकडे गहाण पडला होता.

मग मी काय करावं? तोंडं वेडीवाकडी करायला लागले.

आधी गाल फुगवले. पल्लवीचा ओठ जरासा हलला. मग डोळे वटारले. तिनं खालचा ओठ दातात धरला. जमतंय, जमतंय! मी परात डोक्यावर उचलली, केस झटकले, आणि जीभ काढली पूर्ण बाहेर.

नेमकी तेव्हाच दुलारिन आत आली.

दुलारिन म्हणजे रुआबांध्याच्या वस्तीतून आमच्याकडे भांडी घासायला येते ती. तिनं दारातून पाहिलं: अष्टमीची संध्याकाळ, लाल साडी, मोकळे केस, घामानं नाकापर्यंत उतरलेलं कुंकू, हातात तळपती परात, आणि जीभ! तिच्या हातातली पिशवी गळाली.

"ए दाई वो! देवी आ गे हे!"

आणि तिनं जमिनीवर लोटांगणच घातलं.

मी घाबरून मान हलवली. नाही, नाही! जोरजोरात नाही! आता तुम्हीच विचार करा, मोकळ्या केसांची बाई गदागदा मान हलवायला लागली, तर आपल्याकडे तिला काय म्हणतात?

"घुमून राहिली वो माय!" रेखावैनी ओरडल्या. "तरीच मघापासून बोलून नाही राहिली! अन् मी आइसक्रीम म्हटलं! माफ कर माय!" आणि त्यांनी आपलेच गाल थापटले.

मी जितकं नाही म्हणावं, तितकी घुमत होते. दहा मिनिटांत आमची दोन खोल्यांची क्वार्टर बायकांनी भरली. कुणी लिंबं आणली, कुणी माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, दुलारिननं टाळ्या वाजवत देवीचं जसगीत धरलं. कुणीतरी हळूच विचारलं, "पर देवी के हाथ में मोबाईल?" दुलारिनपाशी उत्तर तयार होतं, "जइसन जमाना, तइसन हथियार."

समोरच्या क्वार्टरच्या मिश्राइन पुढे आल्या आणि नेमक्या खिडकीत उभ्या राहिल्या. माझा सगळा उजेड अडवून! "माता, बेटे की नौकरी कब लगेगी?"

मी हातानं खूण केली: बाजूला व्हा. त्या हलेनात. मी आणखी जोरात हात झटकला: दूर! दूर!

"दूर लगेगी!" मिश्राइन आनंदानं रडायलाच लागल्या. "माता ने कह दिया, दूर लगेगी!"

तेवढ्यात आमचे हे घरी आले. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा. दारातली चपलांची रास पाहून चेहरा पांढरा पडला. कुणीतरी सांगितलं, भाभींच्या अंगात आलंय. मला वाटलं, आता हे तरी सगळ्यांना बाहेर काढतील. चोवीस वर्षांचा संसार आहे आमचा! पण हे काय करताहेत? चपला काढल्या, हेल्मेट काढलं आणि रांगेत उभे राहिले.

नंबर आला तसे हात जोडून म्हणाले, "माय, सकाळपासून माहा चष्मा सापडून नाही राहिला."

मी त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं. चष्मा तिथेच होता, हेल्मेटखाली चेपलेला.

"जय माता दी!" घर दणाणलं. हे तर थरथरायलाच लागले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या सांगण्याचा यांच्यावर एवढा परिणाम मी पहिल्यांदाच पाहिला.

या सगळ्या गोंधळात उजेड चालला होता हो! ऊन खिडकीच्या खालच्या कडेला आलं. फोटो राहिला, तर पोरीचं स्थळ जाणार. बोलावं, तर नवस मोडणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि देवीच्या डोळ्यांत पाणी पाहून बायका आणखीनच रडायला लागल्या.

रेखावैनींनी माझे पाय धरले. "माय, एकच सांग. माह्या पोरीची सोयरीक जुळन का?"

मी पल्लवीकडे पाहिलं, आणि काय सांगू! ती पोरगी स्टुलावर पोट धरून हसत होती. मी तिला हसवायलाच तोंडं करतेय, हे तिला पहिल्यापासून समजलं होतं. डोळ्यांत पाणी, तिरपा दात मोकळा, गालावर शेवटचं ऊन. महिनोन् महिने वाट पाहावी असं हसू!

मी परात काखेत मारली आणि एक बोट वर केलं: एक मिनिट, हलू नकोस!

"एक महिन्यात!" रेखावैनी किंचाळल्या.

हसू मावळू नये म्हणून परात पुन्हा डोक्यावर उचलली, जीभ पुन्हा बाहेर काढली, आणि दाबलं बटन.

लगेच ऊन गेलं. मागोमाग सासूबाई देवळातून आल्या, गर्दीतून वाट काढत देवापुढे पोचल्या आणि त्यांनी आधी दिवा लावला. मग मागे वळल्या. "काय झालं वो?"

"आत्या, सुमनताईच्या अंगात देवी आली!"

"देवी कायची! मौन आहे तिचं!"

दिवा लागला होता. बारा तासांनी माझं तोंड उघडलं. आणि पहिले शब्द काय निघावे? देवीचं नाव? नाही.

"मिश्राइन, किती वेळची म्हणून राहिली मी, खिडकीतून सरका!"

मिश्राइन झटकन बाजूला सरकल्या. मी हात जोडून सगळं सांगितलं: नवस, मौन, परात, जीभ, सगळं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दुलारिन उसासा टाकून म्हणाली, "माता उतर गे."

म्हणजे माझं बोलणं हाच देवी येऊन गेल्याचा पुरावा झाला! बायका नमस्कार करून, नैवेद्याचे चणे घेऊन घरी गेल्या.

तोवर रेखावैनींनी माझ्या मोबाईलवरून फोटो नागपूरला धाडूनही दिला होता. रात्रभर मी देवीची माफी मागत होते. मौन तुझं धरलं माय, आणि मान मी घेतला!

सकाळी उत्तर आलं. रेखावैनी जिना उतरत ओरडतच आल्या, "पसंत! पोरगी पसंत! ऐका, त्यांच्या आईनं लिहिलं: 'मुलीचं हसणं काकांसकट सगळ्यांना आवडलं. रविवारी येतो. फक्त एक विचारायचं होतं...'"

इथे त्या अडखळल्या.

"वाचा ना!"

"'...मागं दिसून राहिलेल्या बाई पोरीसोबत सासरी येणार नाहीत ना?'"

मागं? मी फोटो उघडला. पुढे पल्लवी, अशी सुंदर की रोहितनंही मान डोलवावी. आणि मागे आमचं न हललेलं लोखंडी कपाट. कपाटाला आरसा! मागचं धूसर करायचं बटन मी गडबडीत दाबलंच नव्हतं. आरशात लख्ख मी: केस पिंजारलेले, डोळे खोबणीबाहेर, परात डोक्यावर, जीभ हनुवटीपर्यंत, आणि मागे लिंबं घेऊन लोटांगण घातलेल्या चार बायका.

पाहुणे रविवारी आले आणि सोयरीक ठरली. मी चहा घेऊन गेले, तर होणारी विहीण खुर्चीतून अर्धी उठली, पण निभावलं. पुढे रोहितनं तो फोटो कापून पल्लवीचा भाग वेगळा करून दिला. उरलेला भाग दुलारिननं मागून घेतला. म्हटलं, घे बाई, माझ्या डोळ्यांपुढून जाऊ दे.

परवा तिच्या नातवाच्या बारशाला रुआबांध्याला गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. समोरच्या भिंतीवर सोनेरी पट्टीची फ्रेम. खाली उदबत्ती. वर झेंडूचा हार. आणि फ्रेममध्ये जीभ काढलेली, परातधारी मी!

"दुलारिन! अगं, मी देवी नव्हते, शंभरदा सांगितलं ना!"

दुलारिननं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि हसली. "मैं जानथौं दीदी, तैं माता नोहस," ती म्हणाली. "फेर फोटू बने आए हे."

माहीत आहे म्हणे, तू देवी नाहीस. पण फोटो चांगला आलाय!

माझा फ्रेम झालेला पहिला फोटो. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मानलं बाई. आता पुढच्या अष्टमीले निस्तं तोंड बंद नोको ठेवू. जीभही आत ठेव."