कोयता ठेवायचा कुठे?

"कोयता बाहेर ठेव आणि आत ये," गार्ड गांगुर्डे सांगत होता, आणि दारातला काशिनाथ नुसता मान हलवत होता. नाही म्हणजे नाही. आत त्याची बायको सलाइनवर, आणि अपुऱ्या दिवसांचं ओंजळभर बाळ सिस्टरच्या हातात गार पडत चाललेलं.

मी जव्हारच्या एका दवाखान्यात वॉर्डातली मावशी होते. आता रिटायर झाले. शाळा बेताचीच, काम बघूनबघून शिकले.

त्या दिवशी वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या मशीनवर, दुसरं जास्त आजारी बाळ होतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बापाला बोलवा. केएमसी देऊ." केएमसी म्हणजे काही अवघड नाही हो. उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, वरून कापड गुंडाळायचं आणि बसून राहायचं. माणसाच्या अंगाची ऊब बाळाला मिळते. एरवी आईच देते, पण हिचं रक्त फार गेलेलं, डोळेही उघडत नव्हती.

मला पाठवलं बापाला आणायला, तर मध्ये हा कोयता.

काशिनाथ डोंगरातल्या सूर्यमाळकडचा. तिकडचा माणूस घरातून निघाला की कमरेला लाकडी आकडा बांधतो आणि त्यात मागच्या बाजूला कोयता अडकवतो. वाटेतलं झुडूप तोडायचं, सरपण काढायचं, सगळं त्यावरच. तुम्ही मोबाइल घेता ना, तसं. पण गांगुर्डेचंही खरं होतं. मागे एकानं दारू पिऊन वॉर्डातच कोयता उगारला होता, तेव्हापासून 'कोयता आत आणू नये' असा दारावर बोर्ड लागला.

मी म्हटलं, "दे इकडे, कपाटात कुलूप लावून ठेवते."

"किल्ली तुझ्याकं, मावशे. तू घरी गेलीस तं?"

"अरे, तुझं पोर गार पडतंय."

"कळतं मला. पन ह्यो सासऱ्याचा हाय. माझ्याची मूठ मोडली, म्हनून मागून आनला. त्याची पोर हितं अशी पडली, वर त्याचा कोयता घालवला तं काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात मॅडमच बाहेर आल्या. रागावतील वाटलं, पण त्यांनी सरळ विचारलं, "कुठे ठेवला तर चालेल तुला?"

"दिसंल तिथं."

गांगुर्डे म्हणाला, "आण इकडे," आणि कोयत्यासकट आकडा घेऊन युनिफॉर्मवरून स्वतःच्या कमरेला बांधू लागला. "तुझ्यासमोरच्या खिडकीबाहेर उभा राहतो. पळालो तर ओरड."

काशिनाथनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उलटा बांधलास," म्हणाला आणि स्वतःच नीट बांधून दिला. मग आत आला.

हातपाय धुवून घेतले, शर्ट काढायला लावला, खुर्चीत टेकवून बसवलं आणि बाळ छातीवर दिलं. वरून माझी जुनी सुती साडी गुंडाळली.

"खोकलो तं चालंल का?"

"हळू खोक."

मी मधूनमधून बाळाच्या तळव्यांना हात लावून बघत होते. बराच वेळ गारच. बाहेर गांगुर्डे उन्हात उभा, आणि येणारीजाणारी माणसं विचारतायत, "दादा, लाकडं तोडाया निघालास का?" तोही म्हणे, "हो, साहेबांनी पाठवलंय."

दुपार कलायला लागली तेव्हा तळवे कोमट लागले. बाळ तोंड हलवत बापाच्या छातीवर दूध शोधायला लागलं. "हितं काय नाय रं," काशिनाथ त्याला म्हणाला, आणि सिस्टरसकट आम्ही सगळ्या हसलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं डोळे उघडले. पुढे ती आणि तो पाळीपाळीनं बाळ घेऊन बसायची. वजन धरलं, मग घरी सोडलं. कोयताही सासऱ्याकडे पोचला.

नंतर मॅडमनी त्या खिडकीशेजारी एक फळी ठोकून घेतली, तिला खिळे मारले. आता माणसं येतात, आपला कोयता आपणच तिथं अडकवतात, वॉर्डातून एक नजर टाकतात आणि बसतात. गांगुर्डेला बोलावंही लागत नाही. बोर्ड रंगवायच्या आधी खिळे मारले असते, तर त्याचं दिवसभर उन्हात उभं राहणं वाचलं असतं.